वाचक विचारतात: त्रिशूलवर गेलेले भूगोलाचे सर

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो होतो, की स्वतंत्र भारतातली पहिली मोठी हिमालय मोहीम फौजेनं नाही तर भूगोल शिकवणाऱ्या एका मास्तरनं सुट्टीत नेली होती. नाव लिहिलं नव्हतं, जागा संपली होती. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आलेत की या वेळचं सदर त्या एकाच माणसावर करतोय. ज्यांनी बुटांबद्दल आणि तंबूच्या वॉटरप्रूफिंगबद्दल विचारलंय त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

प्रश्न: ते मास्तर कोण? नाव न सांगता पळालात. आम्ही घरात दोन दिवस अंदाज करत बसलो, सासरे म्हणतात तेनसिंग, मी म्हणतेय तेनसिंग मास्तर कुठे होता!

तुमचं बरोबर, सासऱ्यांना सांगा. त्यांचं नाव गुरदयाल सिंग. १९२४ सालच्या १ जानेवारीचा जन्म, आणि २०२३ च्या मे महिन्यात गेले, शंभरी गाठायला जेमतेम सात महिने राहिले होते. डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये १९४५ ला भूगोलाचे शिक्षक म्हणून लागले आणि तीस वर्षांहून जास्त काळ तिथंच राहिले. पोरं आणि नंतर त्या पोरांची पोरंसुद्धा त्यांना 'गुरु' म्हणायची, नावातला पहिला तुकडाच तो, टोपणनाव ठेवायला कुणाला डोकं लावावं लागलं नाही.

आता डेहराडून म्हटलं की आज आपल्या डोळ्यासमोर ट्रॅफिक जॅम आणि उत्तराखंडची राजधानी येते, पण ते राजधानी झालं २००० साली. १९४५ चं डेहराडून म्हणजे लिचीच्या बागा, मागे मसुरीची डोंगररांग, शिवाय सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्य ऑफिस, फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट, लष्कराची अकॅडमी, आणि या सगळ्यांच्या मधे निवांत पसरलेलं एक लहान शहर. नकाशे काढणारे, झाडं ओळखणारे आणि कवायत करणारे सगळे एकाच बाजारात भाजी घ्यायला येतात अशा गावात भूगोलाच्या मास्तरला डोंगराचा नाद लागला यात नवल नाही, नाद लागला नसता तर मी म्हणेन काहीतरी बिघडलंय.

शाळेत आधीपासून तीन इंग्रज मास्तर होते जे सुट्टी लागली की बॅग भरायचे. जॅक गिब्सन, जॉन मार्टिन आणि आर. एल. होल्ड्सवर्थ. यातले होल्ड्सवर्थ म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. १९३१ ला कामेट (७,७५६ मीटर) पहिल्यांदा चढलं गेलं तेव्हा शिखरावर पोचलेल्या पहिल्या चौघांत ते होते, आणि एवढ्या उंचीवर पाइप ओढला म्हणून त्यांची गोष्ट अजून सांगतात. तिथून उतरताना त्यांची टोळी भ्यूंदर खोऱ्यात उतरली, ज्याला आपण आता व्हॅली ऑफ फ्लॉवर्स म्हणतो आणि जिथं दर ऑगस्टला पुण्या-मुंबईची अर्धी ट्रेकर मंडळी भेटतात. टोळीत वनस्पतींचा जाणकार म्हणून होल्ड्सवर्थच होते. असा माणूस स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीत बसून पेपर तपासतोय म्हटल्यावर एकवीस वर्षांच्या पोराचं काय होणार? गुरदयाल त्यांच्याबरोबर जायला लागले. आधी जवळच्या टेकड्या, मग बर्फ.

प्रश्न: १९५१ ची मोहीम नक्की काय होती? आणि 'पहिली' म्हणता ते कशाच्या जोरावर? शेर्पा, गढवाली लोक त्याआधी काय फक्त ओझी वाहत होते का? मला हे 'पहिला भारतीय' प्रकरण नेहमी खटकतं.

मलाही खटकतं. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी मोहीम. त्रिशूल, ७,१२० मीटर. नंदादेवीभोवती शिखरांची जी तटबंदी आहे त्यातलं नैऋत्येकडचं. तीन टोकं आहेत, शंकराच्या त्रिशूळासारखी, त्यावरून नाव, आणि कौसानीला पहाटे उठून जे दिसतं त्यात हे अगदी समोर असतं. गुरदयाल यांच्या टोळीत ते धरून चारच गडी, बाकीचे तिघे म्हणजे सुरेंद्र लाल, हवाई दलातले नलनी जयाल आणि रॉय ग्रीनवुड नावाचा एक इंग्रज, जो आदल्याच वर्षी तेनसिंगबरोबर बंदरपूंछ शिखरावर जाऊन आला होता. सोबत शेर्पा आणि गावातले हमाल. चार जण म्हणजे आपण कळसूबाईला जातो तेव्हा सुद्धा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जास्त असतात. २३ जून १९५१ ला गुरदयाल, ग्रीनवुड आणि शेर्पा दावा थोंडुप असे तिघं माथ्यावर पोचले.

वाट सांगतो, कारण नकाशा घेऊन बसणारे वाचक आहेत माझ्याकडे. त्रिशूलची नेहमीची वाट जोशीमठच्या पुढे लाता गावातून वर, लाता खरक, मग धरांसी खिंड, तिथून खाली दिब्रूघेटाचं कुरण, देवदी, आणि मग त्रिशूली नाल्यानं वर. ऋषिगंगेची ती कुप्रसिद्ध घळ, जिच्यातून एरिक शिप्टन आणि बिल टिलमननी १९३४ ला पहिल्यांदा आतली वाट शोधली, ती त्रिशूलला जाताना अख्खी पार करावी लागत नाही, कारण नंदादेवीभोवतीच्या तटबंदीच्या आत जे खोरं आहे, ज्याला कुंड म्हणतात, त्याच्या बाहेरच्या भागात हा डोंगर येतो. त्यामुळे अवघड कडे-बिडे कमी आणि बर्फाचा लांबच लांब उतार जास्त. पण लांब म्हणजे किती लांब, तर १९०७ ला टॉम लाँगस्टाफ हे शिखर पहिल्यांदा चढला तेव्हा शेवटच्या दिवशी एका दमात जवळजवळ सहा हजार फूट चढला होता. सात हजार मीटरच्या वरचं माणसानं चढलेलं ते जगातलं पहिलं शिखर.

आता तुमचा खरा प्रश्न. त्या १९०७ च्या चढाईत लाँगस्टाफबरोबर ब्रोशरेल नावाचे दोन इटालियन भाऊ होते आणि चौथा होता करबीर, गुरखा पलटणीतला. १९३१ च्या कामेटवर पहिल्या चौघांत लेवा शेर्पा होता, आणि दोन दिवसांनी जी दुसरी तुकडी वर गेली तिच्यात केसर सिंग नावाचा गढवालचाच माणूस. म्हणजे १९५१ च्या वीस वर्षं आधी इथल्या मातीतला माणूस साडेसात हजार मीटरच्या वर उभा होता, आणि त्याला कुणी 'पहिला' म्हणून हार घातला नाही. दावा थोंडुप तर १९३४ च्या नंगा पर्बतच्या वादळातून जिवंत परत आलेला माणूस, ज्या वादळात तीन जर्मन आणि सहा शेर्पा गेले. त्रिशूलवर कुणी कुणाला नेलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

तरीही १९५१ ला महत्त्व आहे, आणि ते वेगळ्या गोष्टीचं. मोहीम ठरवली कुणी, कुठला डोंगर, कधी, कोण सोबत, पैसे कसे, परत फिरायचं की नाही, हे सगळं ठरवणारा माणूस पहिल्यांदा या देशातला होता. तोवर ते सगळं साहेब ठरवायचा आणि आपले लोक वजन उचलायचे, कधी कधी साहेबालासुद्धा. म्हणून 'पहिला भारतीय चढला' असं कुणी लिहिलं तर खोडा, 'पहिली भारतीयानं नेलेली मोठी मोहीम' असं लिहिलं तर राहू द्या.

प्रश्न: त्यांनी शिखरावर शीर्षासन केलं हे खरंय की फॉरवर्ड?

खरंय. ७,१२० मीटरवर डोकं खाली पाय वर. हा फॉरवर्डवाला मसाला नाही, त्यांच्या बाबतीत हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगितली जाते. तुम्ही मात्र राजगडाच्या बालेकिल्ल्यावर रीलसाठी करू नका, तिथं वारं असतं आणि खाली कडा.

प्रश्न: माफ करा पण डून स्कूल म्हणजे बड्या घरच्या पोरांची शाळा. तिथल्या मास्तरचं कौतुक आम्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांनी का करायचं? आमच्याकडे चप्पल घालून दहा किल्ले दाखवणारे गुरुजी होते, त्यांचं कोण लिहिणार?

तुमच्या गुरुजींचं तुम्ही लिहायचं, खाली शेवटच्या पत्रात त्याबद्दल आहे. बाकी तुमचं म्हणणं अर्धं मान्य. १९३५ ला सुरू झालेली ती शाळा इंग्लंडच्या पब्लिक स्कूलच्या धर्तीवरची, फी भरणारी घरं कोणती असतील हे सांगायला नको. ज्या पोराच्या घरी दूध घालायला गाय पिळावी लागते त्याला जूनमध्ये महिनाभर बर्फात जायला कोण सोडणार. नंतर हिमालयात नाव काढलेल्या बऱ्याच जणांची सुरुवात त्या एका शाळेतून झाली याचं एक कारण पैसा आणि ओळखी आहे, ते झाकण्यात अर्थ नाही.

पण अर्धं नाही मान्य. बड्या घरची पोरं असलेल्या शाळा देशात पुष्कळ होत्या, त्या सगळ्यांतून गिर्यारोहक निघाले नाहीत. तिथं एक पद्धत होती आणि अजून आहे, मिडटर्म म्हणतात. सत्राच्या मधे चार-पाच दिवस शाळा बंद, आणि पोरांनी लहान लहान टोळ्या करून डोंगरात जायचं. कुठं जायचं ते पोरांनी ठरवायचं, रेशनची यादी पोरांनी करायची, स्वयंपाक पोरांनी, आणि मोठ्या वर्गातल्यांबरोबर मास्तर पाठवतीलच असं नाही. ज्यानं मीठ विसरलं त्याला बाकीचे आयुष्यभर ऐकवणार. याला पैसा लागत नाही हो, याला लागतो तो पोरांवर विश्वास टाकणारा मास्तर आणि त्या मास्तरवर विश्वास टाकणारा हेडमास्तर, आणि माझ्या मते दुसरा पहिल्याहून दुर्मिळ.

तिथले हेडमास्तर कोण, तर १९४८ नंतर जॉन मार्टिन, म्हणजे वर ज्यांचं नाव आलं तेच डोंगरवाले. गुरदयाल यांना सुट्टीचा अर्ज समजावून सांगावा लागला नसेल एवढं नक्की.

आणि या शाळेतून निघालेलं सगळ्यात मोठं नाव घ्यायचं तर नरेंद्र धर जयाल, नंदू जयाल. डूनचा विद्यार्थी, पुढं सैन्यात इंजिनियर. तेनसिंग आणि हिलरी १९५३ ला एव्हरेस्ट चढून आल्यावर नेहरूंच्या पुढाकारानं १९५४ ला दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट निघाली, तिचा पहिला प्रिन्सिपॉल हा नंदू. म्हणजे आज महाराष्ट्रातली पोरं-पोरी जे बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स करतात, सैनिकाचा मुलगा असो की रिक्षावाल्याची मुलगी, त्या वाटेची सुरुवात त्या बड्या घरच्या शाळेत जाते. हे गोड मानून घ्या किंवा कडू, पण आहे असं आहे.

प्रश्न: सर मी आठवीत आहे. गुरदयाल सिंग एव्हरेस्टवर का नाही गेले? मग ते फेमस कसे?

गेले ना, पण टोकावर नाही. १९६५ ला कॅप्टन कोहली यांच्या टीमनं एव्हरेस्ट चढलं, नऊ जण वर पोचले, तेव्हाचा तो विक्रम होता. त्या टीममध्ये तुझे हे भूगोलाचे सर होते, वय ४१. त्या नऊ जणांत त्यांचं नाव नाही. पण तू कधी कबड्डीत बघितलंयस का, पॉइंट एक जण आणतो आणि साखळी बाकीच्यांनी धरलेली असते. नऊ जणांना वर पोचवायचं तर ऑक्सिजनची नळकांडी, तंबू, दोर हे सगळं आधी वरच्या कॅम्पांवर जावं लागतं, आणि ते आपोआप जात नाही. त्या टीमला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आणि त्याच्या सात वर्षं आधी, १९५८ ला, ते मृगथुनी नावाच्या ६,८५५ मीटरच्या शिखरावर पोचले होते, तिथं त्यांच्या टोळीच्या आधी माणसाचा पायच लागला नव्हता. नाव ऐकलंयस का तू मृगथुनीचं? मीही तुझ्याएवढा असताना ऐकलं नव्हतं. त्रिशूलच्या शेजारीच आहे, अ‍ॅटलास काढ आणि शोध, सापडलं तर मला कळव.

प्रश्न: 'आउटडोअर्समन' या शब्दाला नेमका मराठी शब्द काय? प्रकृतिप्रेमी वगैरे नको, ते कुंडीत गुलाब लावणाऱ्यालाही म्हणतात.

हाहा, बरोबर. मी भटक्या म्हणतो. रानवेडा, डोंगरवेडा पण चालतं. आमच्या आज्जीचा शब्द होता 'उंडगा', त्यात प्रेम किती आणि राग किती ते ती कुणाकडे बघून म्हणते त्यावर ठरायचं.

प्रश्न: मी तालुक्याच्या गावात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. समोच्चरेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) फळ्यावर काढून काढून कंटाळा आला, पोरांना डोंगरावर न्यायचंय. पालक म्हणतात कशाला रिस्क, हेडसर म्हणतात लेखी द्या. तुमच्या त्या सिंग सरांनी काय केलं असतं हे सोडा, मी काय करू ते सांगा.

मॅडम, आवडला प्रश्न.

पहिली गोष्ट, हेडसर लेखी मागतायत तर द्या, त्यांचं चुकत नाहीये. पालकांची संमती, कुणाला दमा, फिट, मधमाशीची अ‍ॅलर्जी आहे का हे कागदावर, जवळचं सरकारी रुग्णालय किती लांब आणि मोबाइलला रेंज कुठं येते हे आधी स्वतः जाऊन बघून. पोरांना न्यायच्या आधी तीच वाट तुम्ही त्याच महिन्यात एकदा चालून या, गेल्या वर्षीची आठवण चालत नाही, पावसाळ्यानंतर वाटा बदलतात. आणि पावसाळ्यात धबधब्याखाली शाळेची ट्रिप न्यायचीच नाही, यावर मी वाद घालत नाही.

पालकांना उंचीची फार भीती असते, म्हणजे पेपरमध्ये वाचलेलं असतं की ट्रेकला श्वास लागून गेला. त्यांना हे समजावून सांगा. उंचीचा खरा त्रास साधारण अडीच-तीन हजार मीटरच्या वर सुरू होतो, आणि आपलं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण कळसूबाई १,६४६ मीटर, त्यामुळे सह्याद्रीत विरळ हवेनं कुणाला काही होत नाही. इथं माणसं पडतात पाण्याअभावी, उन्हानं, घसरून, आणि आग्या मोहोळानं. शेवटच्याला कुणी सिरियसली घेत नाही. कड्याला पोळं असेल तिथं आरडाओरडा नाही, धूर नाही, आणि पोरींनो-पोरांनो अत्तर-डिओ मारून यायचं नाही हे आदल्या दिवशी दोनदा सांगा.

हिमालयात न्यायची वेळ आली तर मात्र हिशोब बदलतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोज झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसतं बसायचं. हे आज आपण पाठ म्हणतो, पण त्या काळी याची किंमत माणसांनी मोजलीय. वर ज्या नंदू जयालचं नाव आलं तो १९५८ ला चो ओयू शिखराच्या मोहिमेत उंचीच्या त्रासानंच गेला, आणि फुप्फुसात पाणी साचण्याचा हा आजार न्यूमोनिया नाही, निरोगी माणसालाही नुसत्या उंचीनं होतो, हे डॉ. चार्ल्स ह्यूस्टननी वैद्यकीय जर्नलमध्ये मांडलं १९६० साली. दोन वर्षं उशिरा.

आता चालायचं कसं. सगळ्यात हळू पोर पुढे ठेवा, मागे नाही, मागे ठेवलं की ते पोर दिवसभर धावत राहतं आणि पुढचे थांबून थांबून विश्रांती घेतात, आणि ते पोचलं की लगेच 'चला'. शेवटी एक मोठं माणूस, त्याच्या मागे कुणी नाही. हजेरी बसमध्ये घेतात सगळे, तुम्ही प्रत्येक वळणावर घ्या. पोरांना जोड्या लावून द्या, की तुझा जोडीदार कुठाय याला तू जबाबदार.

आणि समोच्चरेषा! त्याचं असं करा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाची झेरॉक्स प्रत्येक जोडीला एक द्या, पेन्सिल द्या, आणि वर गेल्यावर काही शिकवू नका. नुसतं विचारा, आपण कुठं आहोत ते दाखवा. दहा जोड्या दहा ठिकाणी बोट ठेवतील. मग भांडू द्या. रेषा जवळ जवळ आल्यात म्हणजे ही चढण, ज्या चढणीवर तू मगाशी रडलीस ती ही, असं एका पोरीनं दुसरीला सांगितलं की तुमचा तास झाला. फळ्यावर ही गोष्ट दहा वर्षं काढली तरी होत नाही कारण फळ्यावर दम लागत नाही.

हे मी पुस्तकातून नाही सांगत, आम्हाला सातवीत असे एक सर होते. त्यांच्याकडे कसलीच पदवी नव्हती डोंगराची, शिट्टी होती एक पितळेची. एकदा शिट्टी म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे या. एकदा धुक्यात आम्ही सहा जण चुकलो आणि शिट्टी ऐकू येत होती पण कुठून ते कळेना, दरीत आवाज फिरतो ना, तर आमच्यातलाच एक म्हणाला सरांनी सांगितलंय चुकलात तर हलू नका, आणि आम्ही बसलो. पाऊण तास बसलो. सर आले, ओरडले नाहीत, म्हणाले डबा कुणाकडे आहे. आज मी या सदरात जे शहाणपण पाजळतो त्यातलं निम्मं त्या पाऊण तासातलं आहे.

प्रश्न: मॅलरीपण शिक्षक होता ना? मग मास्तर आणि डोंगर यांचं हे काय नातं आहे?

एव्हरेस्टवर हरवलेला जॉर्ज मॅलरी ना? होता, इंग्लंडमधल्या गोडाल्मिंगजवळच्या चार्टरहाउस शाळेत, आणि तोही पोरांना वेल्सच्या डोंगरांत घेऊन जायचा. रॉबर्ट ग्रेव्हज हा पुढे मोठा झालेला कवी त्याचा विद्यार्थी, त्याला चढाई मॅलरीनंच शिकवली. १९२१ ला एव्हरेस्टची हाक आल्यावर मॅलरीनं नोकरी सोडली. १९२४ च्या ८ जूनला तो आणि त्याचा साथीदार अर्विन वर ढगात दिसेनासे झाले, मॅलरीचा देह सापडला १९९९ ला. १९२४ म्हणजे गुरदयाल जन्मले तेच वर्ष, योगायोग आहे, त्यातून मी काही काढत नाही.

नातं म्हणाल तर मला एक साधंच कारण दिसतं: सुट्टी. वर्षातून सलग महिना-दीड महिना मोकळा मिळणारं दुसरं काम सांगा बरं. बँकवाल्याला मिळतो? पण फरक इथंच पडतो, की मॅलरीनं डोंगरासाठी शाळा सोडली आणि गुरदयाल यांनी डोंगर शाळेच्या सुट्टीत बसवला. त्रिशूल जूनमध्ये, मृगथुनी जूनमध्ये, सुट्टी संपली की पुन्हा तोच वर्ग, तीच हजेरी. मला स्वतःला दुसरा माणूस जास्त आवडतो. पहिल्यावर सिनेमे होतात.

प्रश्न: आम्ही चौघं मित्र पुढच्या वर्षी १९५१ च्याच वाटेनं त्रिशूलच्या पायथ्यापर्यंत जाऊ का? परमिट कुठं मिळतं?

नाही जाता येणार, थांबा, तिकीट काढू नका. नंदादेवीचं कुंड १९८२ ला नॅशनल पार्क झालं आणि १९८३ पासून आत ट्रेकिंग, गिर्यारोहण, चराई सगळं बंद. १९८८ ला युनेस्कोच्या यादीत गेलं. बंद का केलं, तर सत्तरच्या दशकात परदेशी मोहिमांना पुन्हा परवानगी मिळाल्यावर एवढे लोक गेले की सरपणासाठी झाडं तुटली, कचरा साठला, कस्तुरीमृग आणि भरल नावाच्या रानमेंढ्या मारल्या गेल्या. म्हणजे आपणच बंद करायला लावलं. लाताच्या लोकांना यात सगळ्यात जास्त झळ बसली, त्यांची कुरणं गेली आणि हमालीचं कामही, हे तिथं गेलात की कुणीही सांगेल. बाहेरच्या बाजूचा थोडा भाग बघता येतो, पण निघायच्या आधी जोशीमठच्या वनखात्याच्या ऑफिसात चौकशी करूनच, नियम बदलत राहतात. आणि त्रिशूल नुसता डोळे भरून बघायचाय तर कौसानी किंवा रूपकुंडाच्या बाजूचं बेदिनी बुग्याल हे डोंगरावरचं कुरण, बेदिनीवरून तो एवढा जवळ दिसतो की जेवताना पाठ करून बसवत नाही.

प्रश्न: आमच्या गावच्या हायस्कूलचे सर, सायन्स शिकवायचे आणि शनिवारी दुपारनंतर आम्हाला घेऊन रानात, पुढच्या वर्षी पंच्याहत्तर पूर्ण करतायत. माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका काढतोय. ४० लेख आले, सगळ्यांत 'ज्ञानाचा सागर', 'शिस्तप्रिय', 'आदरणीय व्यक्तिमत्त्व'. वाचवत नाही. काय करू?

सगळे लेख परत पाठवा, प्रेमानं. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, सरांबरोबरचा एक दिवस सांग, सकाळपासून. कुठं भेटलात, सरांच्या पायात काय होतं, पिशवीत काय होतं, कोण आलं नव्हतं आणि का, पाणी कुठं प्यायलात, परत येताना अंधार झाला का. गुरदयाल सिंग यांची शंभर विशेषणं मला वाचून आठवत नाहीत, शीर्षासन आठवतं. होल्ड्सवर्थ यांचा पाइप आठवतो. तुमच्या सरांचं पण असं काहीतरी असणारच, चाळीस जणांना माहीत असणार आणि चाळीसही जणांनी ते फालतू वाटून लिहिलेलं नसणार.

तारखा मात्र आठवणीवर सोडू नका. शाळेची जुनी हजेरीबुकं, सहलीच्या नोंदी, ग्रुप फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का, यांच्याशी ताडून बघा. एकाच ट्रिपची साल चार जण चार सांगतात आणि चौघं शपथेवर सांगतात. फोटोत कोण कोण आहे ते आत्ताच लिहून घ्या, दहा वर्षांनी कुणाला ओळखू येणार नाही, विशेषतः मागच्या रांगेतले.

सर चुकले ते पण लिहा. एखाद्याला त्यांनी ट्रिपला नेलं नाही, तो अजून रुसून बसलाय, त्याच्याकडूनही लेख घ्या, तोच सगळ्यात चांगला निघेल बघा. आणि ज्या पोरींना घरून शनिवारी सोडलं नाही त्यांना विचारा की मुलं परत आल्यावर काय काय सांगायची, ती स्मरणिकेतली वेगळीच बाजू होईल.

सरांची मुलाखत घ्यायला हार-शाल घेऊन घरी जाऊ नका. खुर्चीत बसवून विचारलंत तर ते 'अरे त्यात काय विशेष' एवढंच म्हणतील आणि चहा मागवतील. पाय चालत असतील तर सकाळी लवकर त्याच रानात घेऊन जा, जमेल तेवढं, मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून खिशात टाका, आणि एखाद्या झाडाचं नाव मुद्दाम चुकीचं सांगा.